‘त्रास होणे’ आणि ‘त्रास देणे’ : पोलिसी सेवेच्या भाषेतील कर्तृलोप

१

पोलिसांच्या मानसिक अवस्थेविषयी अलीकडे जे लेखन होते, त्यात तीन शब्द वारंवार एकत्र येतात : ताण, छळ आणि भावनिक बुद्धिमत्ता. पहिला शब्द दुखण्याचे नाव सांगतो, दुसरा त्याच्या एका कारणाचे, आणि तिसरा त्यावरील उपायाचे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीची परीक्षा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. ही परीक्षा आम्ही भाषेच्या अंगाने करणार आहोत. कारण दुखणे, कारण आणि उपाय हे तिन्ही पोलीस ठाण्यात प्रथम वाक्यरूपाने अवतरतात, आणि त्या वाक्यांच्या घडणीतच पुष्कळसा निर्णय आधी होऊन गेलेला असतो.

‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संज्ञा तशी नवी आहे. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये तिची शास्त्रीय मांडणी केली, आणि डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ग्रंथाने ती जगभर प्रसृत झाली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांचा अर्थ लावणे आणि त्यांचे नियमन करणे, असा तिचा थोडक्यात आशय आहे. त्यापूर्वी, १९८३ मध्ये, आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने याच विषयाची दुसरी बाजू दाखविली होती. विमानातील परिचारिका आणि कर्जवसुली करणारे कर्मचारी यांचा अभ्यास करून त्यांनी असे प्रतिपादन केले की, नोकरीचा भाग म्हणून चेहऱ्यावर व मनात विशिष्ट भावना बाळगणे हेही एक श्रमच आहेत, आणि त्यांवर मालकाचा ताबा चालतो. एका मांडणीत भावनांचे नियमन हे व्यक्तीचे सामर्थ्य ठरते, दुसरीत ते तिच्याकडून घेतलेले काम ठरते. पोलिसांच्या बाबतीत आपण यांपैकी कोणत्या अर्थाने बोलत आहोत, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

तो विचारण्याचे आमच्यापुरते एक निकटचे कारण आहे. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी मुलेमुली दिसतात; ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. कोरडवाहू शेतीच्या घरातून आलेल्या तरुणास ही नोकरी म्हणजे घर सावरण्याचा एक मार्ग वाटतो. भरतीसाठी त्याचे धावणे मोजले जाते, उंची मोजली जाते, लेखी परीक्षा घेतली जाते. पुढे ज्या भाषेत त्याला तीस-पस्तीस वर्षे राहावयाचे आहे, तिची ओळख मात्र त्याला कोणी करून देत नाही.

२

प्रथम व्याकरण पाहू. मराठीत मनाच्या बहुतेक अवस्था ‘येणे’, ‘होणे’, ‘वाटणे’ या क्रियापदांनी सांगितल्या जातात. मला राग येतो, मला दुःख होते, मला भीती वाटते, मला ताण येतो. या रचनेत अनुभव घेणारा चतुर्थीत असतो, आणि राग, दुःख, भीती ही नामे कर्त्याच्या जागी बसतात. राग जणू कोठून तरी येतो आणि माणसावर उतरतो. ही आपल्या भाषेची, आणि भारतातील इतरही अनेक भाषांची, जुनी लकब होय. तीत दोष काढण्याचे कारण नाही. परंतु तिच्यामुळे एक सोय होते : भावना उत्पन्न करणाऱ्याचा उल्लेख केल्यावाचून भावनेविषयीचे वाक्य पूर्ण होऊ शकते.

या दृष्टीने ‘त्रास’ हा शब्द मोठा उद्बोधक आहे. संस्कृतात त्याचा अर्थ भय. मराठीत तो पीडा, उपद्रव या अर्थाने रूढ झाला. मराठीत त्याला दोन क्रियापदे लागतात. ‘मला त्रास होतो’ आणि ‘अमुक मला त्रास देतो’. पहिले वाक्य दम्याविषयी असू शकते, उन्हाविषयी असू शकते, वरिष्ठाविषयीही असू शकते. दुसरे मात्र माणसाकडे बोट दाखविते. ‘छळ’ शब्दाची गोष्ट थोडी निराळी आहे. मूळ ‘छल’ म्हणजे कपट; त्या कपटी हेतूची छाया मराठी शब्दातही उरली आहे. ‘त्याचा छळ झाला’ असे आपण म्हणू शकतो, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात ‘कोणी केला?’ हा प्रश्न तत्काळ उभा राहतो. ‘त्याला ताण आला’ या वाक्याने तो उभा राहत नाही. वस्तुतः ‘ताण’ हा शब्द ताणण्याच्या क्रियेतूनच निघाला आहे, आणि ओढणारे कोणी असल्याखेरीज दोरीला ताण बसत नाही. तथापि प्रचलित वापरात ओढणारा हात गळून पडला आहे आणि केवळ ताणलेली दोरी शिल्लक राहिली आहे.

छळाचे वाक्य त्रासाच्या वाक्यात आणि त्रासाचे वाक्य ताणाच्या वाक्यात परिवर्तित होताना प्रत्येक पायरीवर कर्ता थोडा थोडा पुसला जातो. या प्रक्रियेला आम्ही येथे कर्तृलोप असे म्हणतो. शेवटच्या पायरीवर केवळ अनुभव घेणारा उरतो. मग उपायही त्याच्यावरच करावयाचा, हे ओघानेच आले.

शासकीय मराठीने या प्रक्रियेस एक बळकट साधन पुरविले आहे. ते म्हणजे ‘...ण्यात येणे’ ही रचना. खात्यातील ज्ञापनांचा सर्वपरिचित साचा घेऊ : ‘आपण विनापरवाना गैरहजर राहिलात. आपण कर्तव्यात कसूर केली आहे. सबब आपणांस ताकीद देण्यात येत आहे.’ यातील पहिली दोन वाक्ये पूर्णपणे सकर्तृक आहेत. ‘आपण’ हा कर्ता ठसठशीत पुढे उभा आहे. तिसऱ्या वाक्यात शिक्षा येते, आणि तेथे शिक्षा करणारा अदृश्य होतो. कसूर कोणी केली हे वाक्य सांगते. ताकीद कोण देत आहे हे सांगत नाही. एकाच कागदावर कनिष्ठाची कृती कर्त्यासह आणि वरिष्ठाची कृती कर्त्याविना लिहिली जावी, हा योगायोग मानता येणार नाही.

यावर असे म्हणता येईल की, कागदाच्या शेवटी अधिकाऱ्याची सही असते. शिवाय शासनात व्यक्ती कृती करीत नाही, पद करते, आणि व्यक्तिगत वैर टाळण्यासाठीच ही अकर्तृक रचना योजिली आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. न्यायाधीशाच्या निकालातही अशी रचना आढळते आणि तेथे ती खटकत नाही. परंतु निकालात कारणे दिलेली असतात आणि वरच्या न्यायालयाची वाट मोकळी असते. कारण न देता, केवळ अकर्तृक क्रियापदाच्या आधारे जेव्हा बदली, निलंबन, रजेचा नकार किंवा सलग रात्रपाळी माणसाच्या पदरात पडते, तेव्हा पदाच्या आडोशाला व्यक्ती उभी राहू शकते. आडोसा भाषेचा असल्यामुळे तो सहज दिसत नाही, इतकेच.

हीच रचना पोलिसांच्या जनतेशी येणाऱ्या संबंधातही दिसते, आणि तिचे उदाहरण आमच्या जिल्ह्यातीलच आहे. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. आंदोलक जखमी झाले, पोलीसही जखमी झाले. त्यानंतर महाराष्ट्रभर जो प्रश्न विचारला गेला तो असा : लाठीमाराचा आदेश कोणी दिला? त्या प्रश्नाच्या राजकीय उत्तरात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. भाषाभ्यासकाने एवढेच नोंदवावे की, ‘लाठीमार झाला’ या वाक्याने समाजाचे समाधान झाले नाही. ‘कोणी’ या सर्वनामाची जागा भरून मिळावी, अशी त्याची मागणी होती. समाज पोलीस खात्याला जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न बंदोबस्तावरील शिपाई आपल्या खात्यास विचारू शकत नाही. आपल्याला अठरा तास उभे कोणी केले, हे त्याला ठाऊक असते. परंतु ते म्हणण्याचे वाक्य त्याच्यापाशी नसते.

३

व्याकरणानंतर संबोधनाकडे वळू. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० मध्ये युरोपीय भाषांतील द्वितीयपुरुषी सर्वनामांचा अभ्यास करून असे दाखविले की, सर्वनामांच्या निवडीवर सत्ता आणि सख्य या दोन तत्त्वांचे नियंत्रण असते. दोघेही एकमेकांस सलगीने बोलतात तेव्हा सख्य असते. एक सलगीने व दुसरा आदराने बोलतो तेव्हा सत्ता असते. मराठीत तू, तुम्ही, आपण अशी तिहेरी व्यवस्था असल्यामुळे हा खेळ अधिक सूक्ष्म होतो. ठाण्यात वरून खाली ‘अरे, तू’ जाते आणि खालून वर ‘साहेब, आपण’ येते. पन्नाशीच्या हवालदारास पंचविशीचा अधिकारी ‘तू’ म्हणतो, तेव्हा गावाकडील वयाचा संकेत आणि खात्यातील पदाचा संकेत यांची टक्कर होते. ज्या मुलखात वडीलधाऱ्यांस एकेरी बोलणे हा उद्धटपणा मानतात, तेथून आलेल्या माणसास हे रोजचे सर्वनाम बोचल्यावाचून राहत नाही. कागदावर त्याची ओळख हुद्दा, आडनाव आणि बक्कल नंबर अशी असते, आणि बोलण्यात पुष्कळदा तीही उरत नाही.

‘हजेरी’ हा शब्द या संदर्भात लक्षणीय आहे. मूळचा अरबी, अर्थ, उपस्थिती. मराठीत ‘हजेरी घेणे’ याचे दोन अर्थ होतात : उपस्थितांची नावे पुकारणे आणि एखाद्यास सर्वांसमक्ष फैलावर घेणे. दोन्ही अर्थ एका वाक्प्रचारात नांदावेत, याचे मूळ अशा संस्थांच्या अनुभवात असावे असे म्हणावयास हरकत नाही. जेथे नाव पुकारले जाते, तेथेच मान खाली घालावी लागते.

अधिकाऱ्याच्या या बोलण्याला कनिष्ठाने कसे उत्तर द्यावे, यासाठीही मराठीत शब्द आहेत : सांभाळून घेणे, समजून घेणे, पोटात घालणे, गिळणे. भावनिक बुद्धिमत्तेला मराठी माणसाने फार पूर्वीच दिलेली ही देशी नावे होत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वयोवृद्ध सहकारी नव्या शिपायास ‘सांभाळून घे’ असे सांगतो, त्यात माया असते आणि अनुभवही असतो. परंतु या क्रियापदांचा आज्ञार्थ नेहमी एकाच दिशेने जातो. खालच्याने सांभाळून घ्यावे. वरच्यास ‘शिपायाला सांभाळून घ्या’ असे कोणी सांगत नाही. सांगितलेच तर तो आदेश नसतो, आर्जव असते.

येथे एका जुन्या उदाहरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे तीर्थपुरीच्याच तालुक्यात, घनसावंगीत आहे. मनास उद्देशून रचलेली त्यांची श्लोकमाला महाराष्ट्रात घरोघर पाठ होती. क्रोध आवरावा, विवेक धरावा, वाणी सांभाळावी, असा तिचा बोध. आणि आजच्या प्रशिक्षणवर्गातील बोधाशी त्याचे बाह्य साम्य पुष्कळ आहे. फरक संबोधनाचा आहे. समर्थांच्या रचनेत माणूस स्वतःच्या मनाशी बोलतो. उपदेश करणारा आणि घेणारा एकाच देहात असतात, म्हणून त्या उपदेशात सत्तेचा अंश नाही. हाच बोध वरिष्ठाने कनिष्ठाच्या मनास करावयास घेतला की शब्द तेच राहून त्यांचा अर्थ बदलतो. आत्मसंयमाची साधना आज्ञापालनाचे कलम होऊन बसते.

४

ही सर्व गुंतागुंत ज्या एका कलाकृतीत एकवटली आहे, तिचे मूळ मराठी आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकर यांनी पटकथा लिहिली, वसंत देव यांनी संवाद लिहिले, आणि गोविंद निहलानी यांनी १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला. चित्रपटाचे नाव दिलीप चित्रे यांच्या कवितेवरून आले आहे. ओम पुरी यांनी रंगविलेला अनंत वेलणकर हा मुंबईतील उपनिरीक्षक एका प्रामाणिक माणसाच्या अधःपाताचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितला जातो. आमच्या मते तो अधःपात एका वाक्याच्या शोधाचा इतिहास म्हणूनही वाचता येतो.

वेलणकरचा बाप पोलीस खात्यातून निवृत्त झालेला आहे. तो बायकोस मारतो, आणि मुलास त्याच्या इच्छेविरुद्ध खात्यात ढकलतो. येथे कर्ता स्पष्ट आहे. मारणारा हात दिसतो. पुढे खात्यात वेलणकरला जी पीडा होते, तिच्यात मात्र हात दिसत नाही. वस्तीतील लोकांच्या तक्रारीवरून तो गुंडांस धडा शिकवितो, तर एका लोकप्रतिनिधीच्या रोषामुळे त्याच्यावर निलंबनाची पाळी येते. जीव धोक्यात घालून तो एका धोकादायक गुन्हेगारास पकडतो, तर श्रेय दुसऱ्या अधिकाऱ्याच्या नावे जाते. त्याच्याशी कोणी भांडत नाही, कोणी त्याच्यावर हात उगारीत नाही. ज्यास आपण आज कार्यस्थळावरील छळ म्हणू, तो येथे संपूर्णपणे ‘...ण्यात येते’ या प्रयोगात चालतो.

समीक्षकांचे लक्ष बहुधा वेलणकर आणि रामा शेट्टी यांच्या संघर्षावर राहिले आहे. आम्हांस निरीक्षक हैदर अली हे पात्र अधिक विचारणीय वाटते. शफी इनामदार यांनी ते मोठ्या संयमाने उभे केले आहे. हैदर अली दुष्ट नाही. वेलणकरवर त्याची माया आहे. तो शांत आहे, समोरच्याचे मन ओळखतो, संबंध तुटू देत नाही, कोणत्या वेळी कोणाशी काय बोलावे हे जाणतो. भावनिक बुद्धिमत्तेच्या कोणत्याही व्याख्येत तो बसेल. निलंबन टळावे म्हणून दिल्लीपर्यंत हात पोचणाऱ्या मध्यस्थाची गाठ घालून देणारा तोच, आणि अखेरीस रामा शेट्टीकडे जाण्याचा मार्ग सुचविणाराही तोच. त्याच्या ठायी सर्व भावनिक कौशल्ये आहेत, आणि ती सर्व अन्यायाशी जुळवून घेण्याच्या कामी खर्च होतात. कर्त्याचे नाव न घेता भावनांचे नियमन करावयाचे ठरविले की हैदर अली निर्माण होतो, असा या पात्राचा अर्थ आम्ही लावतो.

तथापि येथेच थांबणे योग्य होणार नाही. कारण हैदर अलीच्या विरुद्ध टोकाला जे घडते ते अधिक भयंकर आहे. वेलणकरचा राग वर जाऊ शकत नाही. वर जाण्याचे वाक्य त्याच्यापाशी नाही. म्हणून तो खाली जातो. ट्रान्झिस्टरसारखी क्षुल्लक वस्तू चोरणाऱ्या एका भुरट्या चोरास तो कोठडीत इतके मारतो की तो मरतो. त्या चोराने वेलणकरचे काही बिघडविलेले नव्हते. व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर, ज्या क्रियेचा कर्ता पुसला गेला, तिचे कर्म बदलून घेतले गेले. पोलिसांच्या ताणाची चर्चा करताना या मृत चोराचा विसर पडू देता कामा नये. शिपायाचा अपमान ठाण्याच्या भिंतींआड राहत नाही. तो फिर्यादीसाठी आलेल्या बाईच्या, हातगाडीवाल्याच्या, संशयिताच्या अंगावर उतरतो. म्हणून रागाचे नियमन शिकविणे निरर्थक आहे, असे आम्ही म्हणत नाही. वेलणकरास ते शिकविणारे कोणी भेटते, तर कदाचित एक प्राण वाचता. परंतु केवळ तेवढेच शिकविले असते, तर दुसरा हैदर अली तयार झाला असता, हेही तितकेच खरे.

चित्रपटाची एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. ज्योत्स्ना गोखले हे पात्र स्मिता पाटील यांनी जिवंत केले असले, तरी ती खात्याबाहेरून पाहणारी प्राध्यापिका आहे. मार खाणारी आई घरात आहे. छळाचा विचार ‘अर्धसत्य’ पुरुषाच्या मानभंगाच्या अंगानेच करतो. खात्यात नोकरी करणारी स्त्री त्याच्या विचारविश्वात नाही.

५

चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, १८ ऑगस्ट १९८२ रोजी, मुंबईत पोलीस शिपायांचा प्रत्यक्ष उद्रेक झाला होता. सेवाशर्तींविषयीच्या मागण्या, संघटनेचा आग्रह, पुढाऱ्यांची अटक, आणि मग रस्त्यावरील दंगल. शहरात सैन्य बोलवावे लागले. पोलिसांच्या संघटनास्वातंत्र्यावर मर्यादा घालणारा केंद्रीय कायदा १९६६ पासून अमलात होताच. या घटनेच्या बऱ्यावाईटाचा निवाडा येथे करावयाचा नाही. एवढे मात्र ध्यानी घ्यावे की, सामूहिक ‘आम्ही’ हे सर्वनाम या खात्यात फार जपून वापरावे लागते. ‘आम्हांस त्रास दिला जातो’ हे वाक्य बेशिस्तीच्या जवळ जाते. ‘मला ताण आहे’ हे वाक्य वैद्यकाच्या जवळ जाते. दुसरे सुरक्षित आहे, म्हणून तेच अधिक बोलले जाते.

२ मे २०१५ रोजी सांताक्रूझ येथील वाकोला पोलीस ठाण्यात एका सहायक उपनिरीक्षकाने आपल्या वरिष्ठ निरीक्षकावर गोळी झाडली आणि नंतर स्वतःवरही. दोघेही प्राणास मुकले. त्या वेळच्या वृत्तांनुसार वादाचे निमित्त गैरहजेरीच्या नोंदीचे होते. दोन कुटुंबांच्या दुःखाविषयी तर्क करणे अनुचित होईल, आणि दोषाची वाटणी करणे हे आमचे कामही नव्हे. परंतु हजेरीपुस्तकातील एका शब्दाभोवती माणसाच्या प्रतिष्ठेचा केवढा भार गोळा झालेला असू शकतो, हे या घटनेने दाखविले. ज्याला गैरहजर ठरविले जाते, त्याला आपली बाजू कोणत्या वाक्यात आणि कोणासमोर मांडता येते, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

याच्या पुढच्या वर्षी एक निराळी गोष्ट घडली. देवनार पोलीस ठाण्यातील कर्मचारी रवींद्र पाटील यांनी आठ तासांच्या पाळ्यांची योजना तयार करून वरिष्ठांपुढे ठेवली. तत्कालीन आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती ऐकून घेतली. मे २०१६ मध्ये देवनार येथे प्रयोग सुरू झाला आणि जानेवारी २०१७ पासून तो मुंबईतील इतर ठाण्यांस लागू करण्यात आला. या योजनेचे प्रशासकीय यशापयश हा स्वतंत्र विषय आहे. भाषेच्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने ‘ताण येतो’ असे न म्हणता तासांचा हिशेब मांडला. तासांचा हिशेब मांडला की ते तास कोणी लावले, हा प्रश्न आपोआप उभा राहतो. कर्ता परत वाक्यात येतो. आणि वरिष्ठाने ऐकून घेतले, म्हणजे भावनिक बुद्धिमत्तेचा प्रयोग या प्रसंगी वरच्या पायरीवर झाला. आमच्या प्रतिपादनास याहून समर्पक उदाहरण शोधून सापडावयाचे नाही.

या उदाहरणाचे मोल कळण्यासाठी कायद्याची भाषाही पाहावी लागते. आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १९५१ च्या कायद्याच्या कलम २८ अन्वये पोलीस अधिकारी सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. १८६१ च्या पोलीस कायद्यातही तशीच तरतूद होती. ‘मानले जाते’ या क्रियापदालाही कर्ता नाही. त्यातील ‘सदैव’ हे अव्यय मात्र शिपायाच्या घड्याळावर रोज उमटते. कॉमन कॉज आणि लोकनीती या संस्थांच्या २०१९ च्या देशव्यापी अहवालानुसार पोलिसांचा कामाचा दिवस सरासरी १४ तासांचा आढळला. चौदा तास उभ्या असलेल्या माणसाच्या चिडचिडीस भावनिक बुद्धिमत्तेचा अभाव म्हणणे, हे उपाशी माणसाच्या अशक्तपणास इच्छाशक्तीचा अभाव म्हणण्यासारखे आहे.

६

‘अर्धसत्य’मध्ये नसलेली स्त्री आता ठाण्यात आहे. राज्याच्या पोलीस भरतीत स्त्रियांसाठी राखीव जागा आहेत, आणि तीर्थपुरीच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांत मुलीही आहेत. १९९७ च्या विशाखा निर्णयाने आणि त्यानंतर २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाची व्याख्या केली. दहा वा अधिक कर्मचारी असतील तेथे अंतर्गत समिती, तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ स्त्री कर्मचारी, समितीवर बाहेरील एक सदस्य, आणि घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार, अशी तिची व्यवस्था आहे. भाषाभ्यासकास या कायद्याचा विशेष असा दिसतो की, त्याने कर्त्याची जागा कोरी ठेवली नाही. तक्रार करणारी आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती, असे दोन्ही पक्ष त्यात नामनिर्दिष्ट आहेत. ‘त्रास होतो’ एवढे म्हणून या कायद्याखाली तक्रार पुरी होत नाही; ‘कोणी दिला’ हे लिहावेच लागते.

परंतु जेथे रोजच्या व्यवहारात कर्ता न उच्चारण्याची सवय जडलेली आहे, तेथे हे एक वाक्य लिहिणे किती कठीण जाईल, याची कल्पना करता येते. ज्याचे नाव लिहावयाचे, तोच पुष्कळदा रजा मंजूर करणारा, ड्यूटी लावणारा, गोपनीय अहवाल लिहिणारा असतो. अशा वेळी ‘सांभाळून घे’ हा सल्ला हितचिंतकाकडून येतो, आणि कायद्याने दिलेली कर्त्याची जागा बोलीभाषा पुन्हा रिकामी करते. म्हणूनच भावनिक बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण आणि छळाविरुद्धची यंत्रणा या दोहोंची गल्लत होऊ देणे धोक्याचे आहे. सहनशीलता वाढविणारे प्रशिक्षण तक्रारीची जागा घेऊ लागले, तर ते छळ करणाऱ्याच्या पथ्यावर पडते.

७

एवढ्या विवेचनानंतर निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. भावनिक बुद्धिमत्ता ही संकल्पना त्याज्य नाही. पोलिसासारख्या, रोज इतरांच्या दुःखास व क्रोधास सामोरे जाणाऱ्या माणसास ती आवश्यकच आहे. परंतु ती कोणाकडून मागितली जाते, यावर तिचा अर्थ अवलंबून आहे. ज्याच्या हाती हुकूम आहे, त्याच्याकडून ती प्रथम मागितली पाहिजे. कारण त्याच्या एका सर्वनामाने, एका नोंदीने, एका नाकारलेल्या रजेने दुसऱ्याच्या मनात जे उत्पन्न होते, त्याला पुढे ‘ताण’ हे निनावी नाव मिळते. कनिष्ठाकडून ती मागण्याआधी, ‘मला त्रास दिला गेला, आणि अमक्याने दिला’ हे वाक्य निर्भयपणे उच्चारण्याची सोय त्याला उपलब्ध असली पाहिजे. असे वाक्य उच्चारता आले तर क्रोध कोठडीतील दुबळ्यावर उतरण्याचा संभव कमी होईल, अशी आमची धारणा आहे.

यात आमच्या विषयाच्या विद्यार्थ्यांस करण्याजोगे कामही आहे. न्यायालयाच्या भाषेचा आणि शासनव्यवहाराच्या परिभाषेचा विचार मराठीत झाला आहे. ठाण्याच्या आतील मराठीचे, म्हणजे ज्ञापने, कसुरीचे अहवाल, रजेचे अर्ज आणि त्यांवरील शेरे यांचे, पद्धतशीर संकलन व वाक्यविचार होणे अगत्याचे आहे. मराठवाड्यात तर हा अभ्यास अधिक फलदायी ठरेल. कारण येथील पोलिसी शब्दांवर निजामी राजवटीतील उर्दूचा एक थर आहे, आणि ठाण्याच्या प्रमुखास ‘अमीन’ म्हणणारी पिढी अद्याप पूर्णपणे लोपलेली नाही. एखाद्या विद्यार्थ्याने निरनिराळ्या ठाण्यांतील रजेचे अर्ज मिळवून, त्यांत ‘होणे’ आणि ‘देणे’ ही दोन क्रियापदे किती वेळा व कोणाच्या संदर्भात येतात एवढे जरी मोजले, तरी पोलिसांच्या ताणाविषयीच्या आपल्या ज्ञानात भर पडेल.